फरशी पुसणाऱ्या पोरी आणि करडईची फुलं

जपानी ॲनिमेशन सिनेमे तुला एवढे का आवडतात असं कोणी विचारलं की समोरच्याची अपेक्षा असते मी आता ड्रॅगन, भुतं, उडते किल्ले, पावसात चकाकणारं टोकियो असलं काहीतरी बोलेन, आणि मला मात्र सगळ्यात आधी आठवतं ते फरशी पुसणं. हायाओ मियाझाकीचा 'स्पिरिटेड अवे' (२००१) ज्यांनी बघितलाय त्यांना आठवेल, देवांच्या त्या हमामखान्यात सकाळी सगळ्या बायका ओळीने वाकून, दोन्ही हात फडक्यावर टेकून, लाकडी फरशीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत सुसाट पळत जातात, आणि त्यांच्या मागे दहा वर्षांची चिहिरो, काडीसारखे हात, धापा टाकतेय, मागे पडतेय. काही सेकंदांचाच सीन. गोष्टीच्या दृष्टीने काडीची गरज नाही त्याची. पण तो नसता तर मला वाटतं मी पुढच्या कशावरच विश्वास ठेवला नसता.

म्हणजे बघा ना, गोष्ट काय आहे. आईबाप फुकटचं खाऊन डुक्कर झालेत, पोरगी परक्या जगात एकटी अडकलीय. आपल्याकडे, किंवा हॉलिवूडमध्ये पण, इथे लगेच तिला कळलं असतं की तिच्यात काहीतरी अद्भुत शक्ती आहे, ती कोणीतरी निवडलेली वगैरे आहे. इथे तसलं काही नाही. इथे तिला सांगतात, जा, नोकरी माग. युबाबा ही तिथली मालकीण, महाडांबिस म्हातारी, पण तिने एक शपथ घेतलेली आहे की जो काम मागेल त्याला काम द्यायचं, त्यामुळे ती कितीही अंगावर ओरडली तरी पोरीने एकच धोशा लावायचा, मला इथे काम करायचंय, मला इथे काम करायचंय. आणि ती लावते. मग करारावर सही, नाव जप्त, आणि उद्यापासून हाताला फडकं.

त्याच्या आधीचा बॉयलर रूमचा सीन तर मी कितीही वेळा बघू शकते. सहा हातांचा कामाजी म्हातारा औषधी मुळ्या कुटतोय, काजळीचे छोटे छोटे गोळे त्यांच्या आकाराच्या मानाने प्रचंड कोळसे उचलून भट्टीकडे नेतायत. एक गोळा कोळशाखाली चिरडतो, चिहिरोला दया येते, ती कोळसा उचलते, आणि तिला कळतं की हा भयंकर जड आहे. आता काय करू, इथेच ठेवू का, असं ती विचारते तर म्हातारा खेकसतो, हातात घेतलंयस तर पुरं कर. मग ती तसंच वाकडंतिकडं चालत जाऊन तो भट्टीत टाकते. हे बघितल्यावर बाकीचे सगळे गोळे काय करतात, तर मुद्दाम कोळसे अंगावर पाडून घेतात, म्हणजे हिने आपलं पण काम करावं! कुठल्याही ऑफिसात काम केलेल्या माणसाला हे बघून हसू फुटणारच. नवीन जॉइन झालेल्या माणसाने एकदा कोणाची तरी मदत केली की काय होतं ते आपल्याला माहितीये.

आणि मग दुसऱ्या दिवशी सकाळी हाकू, तिथला तिला मदत करणारा मुलगा, तिला भाताचे गोळे देतो, ती नको नको म्हणत एक घास घेते, आणि रडायला लागते, डोळ्यांतून हे एवढे मोठे मोठे टपोरे थेंब. खात खात रडते. कोणी तिला जवळ घेऊन भाषण देत नाही. थोड्या वेळाने ड्युटी सुरू.

माझं म्हणणं एवढंच आहे की या सिनेमांतला मला आवडणारा जो गाभा आहे तो हा आहे, काम. जादू हे वरचं. दुःख झालं, घाबरलो, घर सुटलं, आई आजारी पडली की या सिनेमांतली माणसं काहीतरी काम करायला घेतात, आणि कॅमेरा तिथे थांबून ते काम नीट बघतो. 'प्रिन्सेस मोनोनोके'मध्ये (१९९७) जंगल तोडणारी एबोशी ही खरं तर खलनायिका ठरायला हवी, पण तिच्या लोखंडाच्या कारखान्यात भाता चालवणाऱ्या बायका बघा, ज्यांना तिने कोठ्यांवरून सोडवून आणलंय, रात्रपाळीत भाता पायाने दाबत दाबत हिरोची चेष्टा करतायत, आणि तो एक पाळी करून बघायला जातो तर त्याला घाम फुटतो. कुष्ठरोग्यांना तिने काम दिलंय, मान दिलाय. आता हिला वाईट कसं म्हणणार? आणि देवाचं जंगल तोडणारीला चांगलं तरी कसं म्हणणार? सिनेमा उत्तर देत नाही आणि मला ते फार बरं वाटतं.

यात आणखी एक गंमत आहे. खऱ्या माणसांच्या सिनेमात नटीने बूट घातले की बूट घालणं आपोआप कॅमेऱ्यात येतं, फुकट येतं. ॲनिमेशनमध्ये फुकट काहीच येत नाही. चिहिरो बूट घालते आणि मग पंजा जमिनीवर टक टक आपटते, टाच नीट बसावी म्हणून, तर ते टक टक कोणीतरी ठरवून, टेबलाशी बसून, एकेक कागदावर काढलेलं असतं. कोणीतरी म्हटलेलं असतं की हे ठेवू या. या सिनेमाच्या मेकिंगच्या डॉक्युमेंटरीत एक प्रसंग आहे. चिहिरो ड्रॅगनच्या जबड्यात हात घालून त्याला औषध भरवते तो सीन करायचा होता, तर मियाझाकी आपल्या तरुण ॲनिमेटर्सना समजावतोय की कुत्र्याला औषध देताना जबडा कसा धरतात तसं हवं, आणि विचारतो की कोणी कुत्र्याला असं औषध दिलंय का. गप्प सगळे. मग काय, ही पोरं कॅमेरा घेऊन प्राण्यांच्या दवाखान्यात गेली आणि एका कुत्र्याचा जबडा, हिरड्या, दात शूट करून आली. ड्रॅगन काढायला कुत्रा बघून येणे! मला वाटतं यांचे राक्षस खरे वाटतात त्याचं कारण हेच असावं.

त्याच मियाझाकीच्या 'द विंड रायझेस'मध्ये (२०१३) गर्दीचा एक शॉट आहे, चार सेकंदांचा, आणि तो करायला एइजी यामामोरी नावाच्या ॲनिमेटरला सव्वा वर्ष लागलं. चार सेकंद. पापणी लवली की संपला. त्यामुळे २०२५ च्या मार्चमध्ये जेव्हा सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लोकांनी आपापले लग्नाचे, साखरपुड्याचे, लोणावळ्याचे फोटो एआयकडून 'जिब्ली स्टाइल' (जिब्ली म्हणजे मियाझाकी आणि ताकाहाताचा स्टुडिओ) करून टाकायला सुरुवात केली तेव्हा मला राग वगैरे नाही आला, छान दिसत होते काही काही, पण मनात आलं की या स्टाइलमधली नेमकी जी स्टाइल आहे तीच गाळून बाकीचं उचललंय, ते गुलाबी गाल आणि ते ढग. तेव्हा मियाझाकीची ती प्रसिद्ध क्लिप पण फिरत होती, हा जगण्याचा अपमान आहे असं तो म्हणतो ती. ती २०१६ ची आहे, आणि त्याला तेव्हा दाखवलेलं होतं ते कॉम्प्युटरने चालवलेलं, डोक्याने सरपटणारं एक भेसूर शरीर, आणि ते बघून त्याला आठवला होता त्याचा एक अपंग मित्र, ज्याला साधी टाळी द्यायला हात उचलणं जड जातं. तर संदर्भ जरा वेगळा होता. पण असो, फॉरवर्ड करणाऱ्यांना संदर्भ कोण सांगणार.

बरं, आपल्या पिढीला हे जपानी प्रकरण नवीन नाही, फक्त माहीत नव्हतं. १९९३ च्या सुमारास रविवारी सकाळी दूरदर्शनवर जे 'जंगल बुक' लागायचं, गुलजारांचं टायटल साँग असलेलं, ज्यात शेरखानला नाना पाटेकरचा आवाज होता, ती निप्पॉन ॲनिमेशनची १९८९ ची जपानी सिरीयल. आम्ही सगळी पोरं आंघोळ न करता टीव्हीसमोर. ते जपानी आहे हे मला कॉलेजात कळलं आणि खरं सांगायचं तर पटलंच नाही आधी, कारण नानाच्या आवाजात ओरडणारा वाघ जपानी कसा असेल!

आता माझ्या सगळ्यात लाडक्या सिनेमाकडे येते, जो मी लोकांना सहसा सुचवत नाही कारण लोक अर्ध्यात सोडतात. इसाओ ताकाहाताचा 'ओन्ली यस्टरडे' (१९९१). यात एकही भूत नाही, कोणी उडत नाही (एकदा उडते, पण ते वेगळ्या कारणाने). ताएको नावाची सत्तावीस वर्षांची टोकियोतली बाई, ऑफिसात नोकरी, लग्न केलेलं नाही, दहा दिवसांची सुट्टी काढून यामागाताला बहिणीच्या सासरच्या नात्यातल्यांच्या शेतावर काम करायला जाते. सुट्टीत काम करायला! आणि वाटेत तिला आपली पाचवीतली मी भेटत राहते. १९६६ चं साल. घरात पहिल्यांदा आणलेला अख्खा अननस, कसा कापायचा कोणालाच माहीत नाही, शेवटी कापतात, सगळं घर भोवती बसतं, आणि तो निघतो कडक आणि बेचव, एकेक जण हळूच ताटली सरकवतो, आणि ही पोरगी हट्टाने खात बसते कारण तिनेच मागितलेला असतो. अपूर्णांकांचा भागाकार तिच्या डोक्यात शिरत नाही, दोन तृतीयांशाला एक चतुर्थांशाने भागायचं म्हणजे नक्की काय करायचं, सफरचंदाचं चित्र काढून विचारते बिचारी, आणि बहीण म्हणते फक्त उलटं करून गुणायचं गं, एवढं काय त्यात. मला तर वाटतं तिचाच प्रश्न बरोबर होता. अजूनही कोणी मला नीट सांगितलेलं नाही.

तर शेतावर ती जे पीक काढायला जाते ते काय, तर करडई. हो, आपली करडई. सबटायटलमध्ये सॅफ्लॉवर येतं आणि मी पहिल्यांदा बघताना ते तसंच डोक्यावरून जाऊ दिलेलं. माझं आजोळ बार्शीकडचं. एकदा आई ठाण्याला माझ्याकडे आलेली असताना मी हा सिनेमा लावून बसले होते, तिला जपानी कळत नाही, इंग्रजी सबटायटल वाचायचा कंटाळा, ती आपली शेंगा सोलत अधूनमधून बघत होती. पहाटेचं शेत आलं, पिवळी केशरी फुलं, आणि ती एकदम म्हणाली, "अगं ही तर करडई!" मी म्हटलं काहीतरीच काय. तर म्हणे, "मला सांगतेस होय? पानं बघ, काटे बघ." आणि मग तिने शेंगा बाजूला ठेवल्या आणि पुढचं सगळं बघितलं, तिच्या कॉमेंट्रीसकट. "पहाटेच काढतायत बघ, दव असतं ना, काटे मऊ पडतात." सिनेमात पण अगदी हेच कारण सांगतात, ऊन वर आलं की काटे टोचायला लागतात म्हणून पहाटेच तोडणी. आमच्याकडे पण करडईच्या काढणीला लोक पहाटे जायचे, हातापायाला फडकी गुंडाळून. ज्वारीच्या कडेने करडईचे पाटे, म्हणजे ओळी, टाकायचे ते पण काट्यांसाठीच, गुरं आत शिरत नाहीत. मग आईने तिला खरा पडलेला प्रश्न विचारला, "पण ही माणसं फुलंच काढून घेतायत, मग दाणा कधी भरायचा?"

तर त्यांना दाणा नको असतो. आपल्याला तेल हवं, त्यांना रंग. यामागाताकडे या फुलांपासून पूर्वापार लाल रंग काढतात, ओठांना लावायचा, कापडाचा. सिनेमात ती सगळी प्रोसेस जवळजवळ शिकवल्यासारखी दाखवलीय, फुलं तुडवायची, धुवायची, आंबवायची, मग थापून चपट्या वड्या करून वाळवायच्या. पिवळा रंग पाण्याबरोबर जातो आणि तांबडा उरतो. आणि ताएको सांगते की पूर्वी हातमोजे नसताना फुलं तोडणाऱ्या पोरींचे हात रक्ताळायचे आणि तो रंग त्यांच्या स्वतःच्या ओठाला जन्मात कधी लागायचा नाही, तो जायचा क्योतोच्या श्रीमंत बायकांकडे. हे आईला सांगितलं तर ती काही बोलली नाही, फक्त म्हणाली कुसुंबी रंग काय तो. आणि मग, "कोवळ्या पानांची भाजी करत नाहीत का हे?" ते काही मला सांगता आलं नाही.

त्या सिनेमात तोशिओ नावाचा एक शेतकरी पोरगा आहे, सेंद्रिय शेती करणारा, थोडा बडबड्या. ताएको म्हणते काय सुंदर निसर्ग आहे, तर तो म्हणतो की शहरातले लोक झाडं नदी डोंगर बघतात आणि निसर्ग म्हणतात, पण हे रान, हा ओढा, हे बांध, सगळं शेतकऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या निसर्गाशी घासाघीस करत बनवलेलं आहे, म्हणूनच तुला इथे न जन्मता पण आपलं वाटतं. मला त्या दिवशी सोफ्यावर बसल्या बसल्या एकदम बार्शीकडचे ते पाटे दिसले. मी ते लहानपणापासून बघितलेत पण कोणीतरी बसून आखलेत असं कधी मनातच आलं नव्हतं.

गालावरच्या रेषांबद्दल पण सांगायचंय. या सिनेमात मोठ्या ताएकोच्या गालावर हसताना रेषा पडतात. बऱ्याच लोकांना ते विचित्र वाटतं, म्हणतात सत्तावीसची बाई चाळीसची दिसते. कारण असं की ताकाहाताने नटांचे आवाज आधी रेकॉर्ड केले, जपानमध्ये तशी पद्धत नाही, तिथे चित्रं आधी आणि आवाज नंतर, आणि मग बोलताना त्यांचे गाल कसे हलतात ते बघून चेहरे काढायला लावले. हे चेहरे ज्याने डिझाइन केले तो योशिफुमी कोंदो. हे नाव लक्षात ठेवा, परत येणारे.

ताकाहाताचं नाव निघालं की 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज' येतोच. जिब्लीने १९८८ च्या १६ एप्रिलला हा आणि मियाझाकीचा 'माय नेबर टोटोरो' एकाच तिकिटात दाखवायला लावला होता. कल्पना करा त्या आईबापांची, पोरांना घेऊन केसाळ गुबगुबीत टोटोरो बघायला आले आणि त्याच तिकिटात हे. आता २०२४ पासून तो नेटफ्लिक्सवर आहे त्यामुळे मी सावध करून ठेवते, रात्री एकट्याने जेवणानंतर बघू नका. १९४५ चं कोबे, बॉम्बहल्ल्यात आई गेलेली, चौदा वर्षांचा सेइता आणि चार वर्षांची सेत्सुको. ज्याच्या कथेवर हा आहे त्या अकियुकी नोसाकाची छोटी बहीण युद्धात अशीच उपासमारीने गेली होती आणि ताकाहाता स्वतः नऊ वर्षांचा असताना ओकायामाच्या बॉम्बहल्ल्यातून जीव घेऊन पळालेला. त्यामुळे त्यातली आग कशी पडते, लोक कसे पळतात, हे त्याला कोणी सांगायला नको होतं.

तरुणपणी बघितला तेव्हा त्यातल्या मावशीचा मला भयंकर राग आला होता. पोरांच्या आईचे किमोनो विकून तांदूळ आणते, दाट भात आपल्या भाडेकरूच्या, पोरीच्या ताटात आणि पातळ पेज या दोघांना. टोमणे वेगळेच, दिवसभर नुसता लोळत असतोस. आता, म्हणजे चाळिशी जवळ आल्यावर, परत बघितला तर ती मावशी मला वाईटच वाटते पण अनोळखी नाही वाटत. तिच्या घरातले दोघं कामाला जातायत, डबा तिला भरायचाय, रेशन मोजकं आहे. आणि सेइता खरंच काही करत नाही, पोरगा मानी आहे, बाप नेव्हीत ऑफिसर, तो कुठे कामाला लागत नाही, माफी मागत नाही, बहिणीला घेऊन तळ्याकाठच्या एका भुयारात वेगळं घर मांडतो. भातुकलीच असते ती. आणि मग ती भातुकली कशी संपते ते बघवत नाही. ताकाहाताने स्वतः सांगितलंय की हा नुसता युद्धविरोधी सिनेमा नाही, सेइतामध्ये त्याला आजच्या पोरांचा स्वभाव दिसत होता, माणसांत राहायचं नाही, आपलं आपण बघू. लोक हे ऐकायला तयार नसतात. मला पण पूर्ण पटत नाही, चौदा वर्षांच्या पोरावर एवढं ओझं टाकायचं म्हणजे जरा जास्तच. पण सिनेमा त्याला ओरडत नाही हे खरं.

त्याच्या शेजारी सुनाओ काताबुचीचा 'इन धिस कॉर्नर ऑफ द वर्ल्ड' (२०१६) ठेवून बघा. हा बनवायला पैसे मिळत नव्हते, सामान्य लोकांनी वर्गणी काढली तेव्हा काम पुढे सरकलं. हिरोशिमाची सुझु, जरा वेंधळी, चित्रं काढण्यात हुशार, १९४४ मध्ये लग्न होऊन कुरेला येते, जिथे जपानी नौदलाचा मोठा तळ. सासरी काय करते तर सगळं. पाणी वाहून आणते, जुन्या किमोनोचे मोंपे (कामाचे ढगळ पायजमे) शिवते, रेशन कमी झालं की बांधावरचं गवत, रानभाज्या खुडून आणून त्याचं काय काय करते. एक तांदळाचा प्रकार करते, आधी भाजायचा, मग भरपूर पाण्यात रात्रभर ठेवायचा, म्हणजे फुगून दुप्पट दिसतो. केवढ्या उत्साहाने करते आणि सकाळी सगळं घर पहिला घास घेतं तेव्हाचे चेहरे! दिसतो दुप्पट, लागतो कसाचातरीच. हे सगळं हसत खेळत चाललेलं असतं आणि आपल्याला कॅलेंडर माहीत असतं, १९४५ चा ऑगस्ट येतोय. त्याच्याही आधी तिचं जे जातं ते म्हणजे तिचा उजवा हात, चित्रं काढायचा, भाकरतुकडा करायचा हात, आणि त्या हातात जे होतं तेही. यापुढे सांगत नाही, बघा. युद्धावर मी बघितलेल्या सिनेमांत हा मला सगळ्यात जवळचा, कारण यात युद्ध स्वयंपाकघरातून दिसतं आणि स्वयंपाक काही थांबत नाही.

'टोटोरो' लोक गोड गोड म्हणून सोडून देतात त्याचं वाईट वाटतं. त्या घरातली आई दवाखान्यात आहे. मियाझाकीची आई पण त्याच्या लहानपणी मणक्याच्या क्षयाने वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळलेली होती. सात्सुकी, मोठी, सकाळी उठून तिघांचे डबे करते, बापाला उशीर झालेला, धाकटी मेई लुडबुड करतेय, आणि ही चुलीपुढे उभी, इतकी शहाणी की बघून पोटात तुटतं. मग तार येते, आईचं घरी यायचं पुढे ढकललं, आणि ही शहाणी पोर शेजारच्या आजीपुढे हमसून हमसून रडते, आई मेली तर काय करायचं म्हणून. आम्ही मोठ्या बहिणी तो सीन बघताना इकडेतिकडे बघतो.

बाकीचे भराभर. 'कीकीज डिलिव्हरी सर्व्हिस' (१९८९), झाडूवरून पार्सल पोचवणारी छोटी चेटकीण, जिला एक दिवस अचानक उडताच येत नाही, ज्यांचं आवडीचं काम पोटापाण्याचं काम झालंय त्यांनी जरूर बघावा. सातोशी कोनचा 'टोकियो गॉडफादर्स' (२००३), कचऱ्यात सापडलेलं बाळ आणि तीन बेघर माणसं, धमाल आणि खूप माणुसकीचा, कोन २०१० मध्ये सेहेचाळिसाव्या वर्षी गेला ही फार मोठी हानी. माकोतो शिंकाई या दिग्दर्शकाबद्दल माझं मत जरा वाकडं आहे, त्याचं आकाश बघून जीव हरखतो पण त्याची पोरं सारखी धावत काय असतात आणि एकमेकांची नावं काय घेत असतात! 'वेदरिंग विथ यू' भारतातल्या फॅन्सनी ऑनलाइन अर्ज करून २०१९ मध्ये थिएटरला आणवला, मीही गेले होते, पोरं टाळ्या वाजवत होती, मजा आली. पण मला त्याचा 'सुझुमे' (२०२२) आवडतो, कारण २०११ च्या भूकंपात आई गमावलेली ती पोरगी जिथे जिथे जाते तिथे राहायचं भाडं म्हणून कामाला लागते, कुठे लॉजमधलं न्हाणीघर घासते, कुठे बारमध्ये हातभार लावते. आलं ना परत तेच!

आता जी गोष्ट मला खटकते ती पण सांगायला हवी. कामाचं एवढं प्रेमाने चित्र काढणारे हे लोक स्वतः कसे काम करायचे? मगाशी कोंदोचं नाव सांगितलं तो मियाझाकी आणि ताकाहाता दोघांच्याही हाताखाली राबला. 'फायरफ्लाइज'मधल्या सेत्सुकोचा चेहरा त्याचा, ताएकोच्या गालावरच्या रेषा त्याच्या. हाच पुढे जिब्ली चालवणार असं सगळे धरून चालले होते. १९९८ च्या जानेवारीत वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी तो गेला, महाधमनी फाटून, आणि अतिकामाने गेला असंच लोक म्हणतात. ताकाहाताला स्वतःला चित्र काढता यायचं नाही, तो कधी ॲनिमेटर नव्हताच, पण दुसऱ्याच्या रेषेत काय कमी आहे ते त्याला बरोब्बर दिसायचं आणि समाधान होईपर्यंत तो सोडायचा नाही. त्याचा शेवटचा 'प्रिन्सेस कागुया' (२०१३) करायला आठ वर्षं लागली, 'विंड रायझेस'बरोबर एकाच दिवशी लावायचं ठरलेलं ते यानेच उशीर केला. आणि गंमत बघा, त्या सिनेमात दुःख कशाचं आहे? बांबूत सापडलेल्या पोरीला बाप राजकन्या बनवायला राजधानीत नेतो, भुवया उपटायच्या, दात काळे करायचे, पळायचं नाही, काही करायचं नाही, आणि ती आईबरोबर वाड्याच्या मागच्या छोट्याशा खोपट्यात, वाफ्यात जाऊन बसते कारण तिथे तेवढं हाताला काही करता येतं. एका रात्री ती सगळं फेकून पळत सुटते, तेव्हा सुबक रेषा जाऊन नुसते कोळशाचे फरकाटे उरतात पडद्यावर. तो सीन बघताना मी श्वास घ्यायची विसरते आणि नंतर मनात येतं की हे फरकाटे कोणी काढले असतील, किती रात्री, आणि घरी जाऊन जेवले का ते.

कोंदोने दिग्दर्शक म्हणून एकच पूर्ण सिनेमा केला, 'व्हिस्पर ऑफ द हार्ट' (१९९५). टोकियोच्या कडेला तामाकडच्या चढउतारावरच्या वसाहती, सोसायटीतलं छोटं घर, पुस्तकांनी भरलेलं, आई स्वतः शिकतेय, कोणाला भांडी घासायला वेळ नाही. नववीतली शिझुकू ठरवते की मी गोष्ट लिहिणार, आणि ऐन परीक्षेच्या दिवसांत अभ्यास सोडून लिहीत बसते, नंबर धाडकन खाली येतो, मोठी बहीण आकांडतांडव करते. बाप काय म्हणतो, ठीक आहे, तुला जे करायचंय ते कर, पण सगळ्यांपेक्षा वेगळं वागणं सोपं नसतं, काही झालं तर दुसऱ्या कोणावर ढकलता येणार नाही. मग ती गोष्ट पुरी करून एका म्हाताऱ्या कारागिराला वाचायला देते, तो सगळी वाचतो आणि सरळ सांगतो, खडबडीत आहे, कच्ची आहे, पण चांगली आहे. ती थंडीत बाहेर बसून रडते. आणि तो तिला गरम गरम उदोन, म्हणजे सूपमधल्या जाड शेवया, करून घालतो. सूप पीत पीत रडणं, परत!

माझी भाची यंदा दहावीत आहे, वहीच्या मागच्या पानांवर काहीबाही लिहीत असते, कोणाला दाखवत नाही. मी भावाला म्हटलं की या रविवारी पाठव तिला माझ्याकडे, एक सिनेमा दाखवायचाय, आणि उत्साहाच्या भरात त्याला स्टोरी पण सांगून बसले. तो परीक्षेच्या भागापर्यंत नीट ऐकत होता. मग म्हणाला, "ताई, मार्च होऊ दे. मग काय दाखवायचं ते दाखव."